पाव किलो पाव आणि पाचशे लॅटिन रूट्स

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातून एका २४ वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. घरात मराठी, शाळा बारावीपर्यंत गुजराती माध्यमाची, मग बी. कॉम. दिवसा एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम, संध्याकाळी बँकेच्या परीक्षेचा क्लास. क्लासच्या सरांनी सांगितलं, की इंग्रजी शब्द एकेक करून पाठ करू नका, लॅटिन रूट्स, म्हणजे शब्दांची मुळं, पाठ करा. एका रूटमागे वीस शब्द फुकट. तिनं पाचशे रूट्सचं पुस्तक आणलं आणि चार महिन्यांत ३१० रूट्स वहीत उतरवून पाठ केली. त्यानंतरच्या मॉक टेस्टमध्ये इंग्रजीत ३० पैकी ८. पीडियाट्रिक म्हणजे पायांसंबंधी, इन्व्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल, इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं, अशी उत्तरं तिनं ‘रूट लावून’ बिनधास्त दिली होती. मोठा भाऊ म्हणतो, ही थेरं सोड आणि रोज पन्नास शब्द घोक. काका संस्कृतचे निवृत्त शिक्षक. ते म्हणतात, धातूंचाच रस्ता खरा, तूच कच्ची आहेस. ती विचारते, ‘रूट्स चालू ठेवू की सोडू? आणि ताई, खरं सांगा, मराठी घर, गुजराती शाळा, इंग्रजी परीक्षा, यात माझी एकही भाषा धड झाली नाही. आता उशीर झालाय का?’

अगं, ‘इन्फ्लेमेबल’पाशी आले आणि मी पत्र खाली ठेवलं. लहानपणी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून छाणीकडून येताना पुढे कायम कोयलीच्या रिफायनरीतून निघालेला एखादा टँकर असायचा. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’. ‘इन’ म्हणजे नाही, हे शाळेत शिकलेली होते. त्यामुळे कित्येक वर्षं मी समजत होते, की यात न पेटणारं काहीतरी आहे, चला, काळजी नाही. बाबा टँकरपासून एवढं अंतर ठेवून का चालवतात, हेच मला कळायचं नाही.

लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. टँकरवरचा ‘इन’ दुसरा: ज्याच्यात ज्वाळा शिरेल असं. यात इंग्रजी बोलणारी माणसंही फसू शकतात, म्हणून धोक्याच्या पाट्यांवर आता पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा त्यांचाही भरवसा नाही, आणि तुला क्लासवाले म्हणतात रूट लाव, अर्थ आपोआप येईल.

‘इन्व्हॅल्युएबल’ची तऱ्हा निराळी. इथला ‘इन’ नकाराचाच आहे. तू फोड बरोबर केलीस आणि तरी उत्तर चुकलं. आता ‘अमूल्य’ घे. अ अधिक मूल्य, मूल्य नसलेलं. पण अमूल्य म्हणजे कवडीमोल, असं तुला जन्मात कधी वाटलं नाही. इथून तासाभरावर आणंद आहे, तिथल्या लोण्याच्या पुड्यावर हाच शब्द जरा आखडून लिहिलेला रोज बघतेस. मोल करता येणार नाही इतकं मोलाचं, हा अर्थ तू बेरीज करून काढलेला नाहीस. शब्द आधी कानावर आला, कुणाच्या तरी वाक्यातून आला, आणि त्याची फोड मागाहून कधीतरी व्याकरणाच्या तासाला कळली. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आहे. रूट हे भेटलेला शब्द धरून ठेवायच्या कामाचं. न भेटलेल्या शब्दाचा अर्थ काढायला ते लावलंस, तर कधी लागेल, कधी तोंडावर पाडेल.

‘पीडियाट्रिक’वर जरा सविस्तर बोलते, कारण तुझ्या वर्गातली निम्मी मुलं इथंच घसरली असणार. ‘पेड म्हणजे पाय’ हे पाठांतर खोटं नाही. लॅटिनमध्ये पाय म्हणजे ‘पेस’, पायाचा म्हणजे ‘पेदिस’. पेडेस्ट्रियन पायी चालणारा, पेडिक्युअर पायांची निगा, सेंटिपीड शंभर पायांची गोम. पण पीडियाट्रिक, म्हणजे बालरोगांसंबंधी, मुळात लॅटिन नाहीच, ते ग्रीकमधून आलंय, आणि तिथं ‘पाइस’, ‘पाइदोस’ म्हणजे मूल. दोन वेगवेगळ्या गावचे शब्द प्रवासात झिजले आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये पोचेपर्यंत सारखे दिसायला लागले.

परकं वाटतंय? मग क्लास सुटल्यावर सेवउसळीच्या गाडीवर जा आणि म्हण, ‘पाव किलो पाव द्या.’ (पाव किलोनं मिळत नाही, लादीनं मिळतो, पण मनातल्या मनात म्हण.) पहिला ‘पाव’ म्हणजे चौथा हिस्सा. तो आला संस्कृत ‘पाद’वरून, जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथाई. हा ‘पाद’ आणि तुझ्या वहीतला ‘पेदिस’ एकाच कुळातले, बरं का. दुसरा ‘पाव’ पोर्तुगीजांबरोबर आला, त्यांनी तो लॅटिन ‘पानिस’वरून घेतला, पानिस म्हणजे रोटी. कंपनी आणि कंपॅनियन यांच्या पोटातला ‘पॅन’ तोच: एका ताटातली भाकर मोडणारे. आपल्या बोलण्यात हे दोन पाव शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही. आता समज, एखादी परदेशी मुलगी ‘पाव म्हणजे चौथाई’ एवढं पाठ करून आली आणि तिनं वडापावचा अर्थ चतकोर वडा असा लावला. तू तिला ढ म्हणशील? तू म्हणशील, अगं बाई, आधी एक खाऊन तर बघ.

आता काका. त्यांना दुखवू नकोस, त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार आहे. त्यांना हा श्लोक विचार:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूचा अर्थ ‘बलात्’, म्हणजे जबरदस्तीनं, दुसरीकडेच ओढून नेतो. धातू एकच, हृ, म्हणजे नेणं. प्रहार म्हणजे मारणं, आहार म्हणजे खाणं, संहार म्हणजे नाश, विहार म्हणजे हिंडणं, परिहार म्हणजे निवारण. ‘हृ म्हणजे नेणं’ एवढ्या भांडवलावर संहाराचा अर्थ कुणी काढून दाखवावा. (जाता जाता: हॉटेलांवर ‘उपहारगृह’ लिहितात ना, ते उपाहारगृह हवं. उपहार म्हणजे भेटवस्तू. एका कान्यानं जेवण गेलं आणि नजराणा आला.)

लॅटिनमध्येही नेण्याचा एक धातू आहे, तुझ्या वहीत ‘ड्यूस’ किंवा ‘डक्ट’ म्हणून असेल. प्रोड्यूस: पुढं आणणं, म्हणून निर्माण करणं. इंट्रोड्यूस: आत नेणं, म्हणून ओळख करून देणं. सिड्यूस: वाटेवरून बाजूला नेणं, म्हणून भुलवणं. रिड्यूस म्हणजे मागे नेणं, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खरोखर ‘परत आणणं’ असाच होता. ‘कमी करणं’ ही पुढची घडामोड. अर्थ माहीत झाल्यावर प्रत्येक फोड कशी चपखल बसते बघ. माहीत होण्याआधी? रिड्यूसचा अर्थ तू ‘परत आणणं’ लिहिला असतास, तर्क बिनचूक असता आणि मार्क गेला असता.

तेव्हा काकांचा रस्ता खरा, पण तुला कच्ची म्हणणं मला पटत नाही. तू पक्की होतीस म्हणून तर एवढ्या ठामपणे चुकलीस. आणि काका ‘सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या’ म्हणाले, तर मान डोलव, पण परीक्षेत लिहू नकोस. लॅटिन ही संस्कृतची मुलगी नव्हे, बहीण. दोघींची आई आणखी जुनी. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं, हे भाषापंडित विल्यम जोन्सनं कलकत्त्यात १७८६ साली सांगितलं.

पत्रात एक वाक्य तू सहज लिहून गेलीस: ‘इंग्लिश मीडियमवाल्यांना हे सगळं येतच असतं.’ काय येत असतं? उद्या क्लासमधल्या अशा एखाद्या मैत्रिणीला विचार, ‘पेड’ म्हणजे काय. ती तुझ्याकडे बघत राहील. तिला पेडेस्ट्रियन माहीत आहे, कारण तो शब्द तिला पाठ्यपुस्तकात, पाटीवर, पेपरात चाळीस वेळा भेटलाय. रूट तिला कुणी शिकवलेलंच नाही. तुझ्या आणि तिच्यात फरक आहे तो या भेटींचा, आणि तो भरून काढता येतो. रूट्स पाठ करून मात्र तो भरत नाही.

भावाचे रोज पन्नास शब्द हीसुद्धा न भेटलेल्यांची यादीच. पन्नास आज, पन्नास उद्या, आणि रविवारी साडेतीनशेपैकी हाती किती उरले ते मोजून बघ. भावानं मोजलेत का, विचार.

मग करायचं काय? तुझ्या ऑफिसच्या टेबलापासून सुरुवात कर. दिवसभर टॅली उघडून बसतेस ना? डेबिट, क्रेडिट, ऑडिट, डिडक्शन: चारही लॅटिन, आणि चौघांशी तुझा रोजचा व्यवहार. टीडीएसमधलं (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) ‘डिडक्टेड’ म्हणजे वरचंच ‘डक्ट’: काढून नेलेलं, वजा केलेलं. ऑडिट आलं ‘ऐकणं’ या क्रियापदावरून, कारण पूर्वी हिशेब मोठ्यानं वाचून दाखवत आणि तपासनीस ऐकत. ऑडिओ आणि ऑडिटोरियम त्याच घरातले. ‘क्रेदो’ म्हणजे मी विश्वास ठेवतो. वाणी उधार देतो ते याच विश्वासावर. आपल्या ‘श्रद्धा’ शब्दातला ‘श्रद्’ आणि हा ‘क्रेद’ नात्यातले आहेत. आता परीक्षेत पुष्कळदा येणारा ‘इन्क्रेड्युलस’ घे. विश्वास न बसणारा माणूस. तुझ्या लेजरमधल्या क्रेडिटच्या खुंटीला तो अडकवलास, की पडायचा नाही. रूट वापरायचं ते असं, ओळखीच्या शब्दाकडून अनोळख्या शब्दाकडे जाताना. पाचशेंची गरज नाही. वीस-पंचवीस पुरतात, आणि ती तुझ्या वहीत आधीच आहेत; बाकीची पुस्तकातच राहू देत.

रूट्सपेक्षा उपसर्गांवर जास्त वेळ घाल. तिथं तुझं गुजराती-मराठी शिक्षण कसं कामाला येतं बघ. ‘नॉट लीगल’चं ‘इनलीगल’ का होत नाही, ‘इल्लीगल’ का, हे वर्गात कुणाला तरी विचार. अपवाद म्हणून पाठ करा, असं उत्तर मिळेल. अपवाद कसला? उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख. उत् अधिक चार म्हणजे उच्चार. सत् अधिक जन म्हणजे सज्जन. शेजारचं अक्षर बघून आधीच्यानं रंग बदलायचा, ही संधी तू सातवी-आठवीत शिकलीस. इन-लीगल, इल्लीगल. इन-रेग्युलर, इर्रेग्युलर. इन-पॉसिबल, इम्पॉसिबल. कॉन-लेक्ट, कलेक्ट. उपसर्ग हाच, फक्त वेश बदललेला, हे तुझ्या चटकन लक्षात येईल, आणि तुझ्या शेजारी बसलेल्या कित्येकांच्या येणार नाही.

एकही भाषा धड झाली नाही म्हणतेस. पगार घेतेस तो शब्द पोर्तुगीज, आणि त्याचं लॅटिन मूळ तेच जे इंग्रजी ‘पे’चं आहे. चावी पोर्तुगीज, लॅटिन ‘क्लाविस’वरून, गळ्याखालच्या हाडाला डॉक्टर क्लॅव्हिकल म्हणतात, म्हणजे छोटी चावी. तीन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला शब्द वेश बदलून येतात याची सवय असते. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा एक कोश छापून घेतला, सयाजीशासनशब्दकल्पतरु. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आणि आणखी भाषांतले प्रतिशब्द ओळीनं मांडलेले. ती मांडणी मला तुझ्या वहीसाठी उचलायचीय.

वहीत आधी इंग्रजी वाक्य लिही, जिथं शब्द भेटला ते, जसंच्या तसं. पुढं मराठी अर्थ. त्यापुढं गुजराती, कारण कधी कधी गुजराती शब्द जास्त नेमका बसतो आणि तुला तो आधी सुचतो. त्यात लाज कसली. रूट शेवटच्या रकान्यात, तेही कोशात बघून, अंदाजानं नव्हे. चांगल्या कोशात अर्थाबरोबर शब्दाचं मूळही दिलेलं असतं, मोबाइलवरच्या कोशातसुद्धा. रोज आठ-दहा शब्द बास. आठवड्यानं मराठी बाजू झाकून बघायचं.

शब्द आणायचे कुठून? एकाच इंग्रजी पेपरचं अर्थविषयक पान रोज. बँकेच्या परीक्षेतले उतारे साधारण त्याच धाटणीचे असतात, आणि तेच ते शब्द तिथं परत परत येतात. चौथ्यांदा भेटला, की शब्द आपला.

एक जागा अशी आहे, की तिथं लॅटिन पूर्ण लुळं पडतं. पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इंटू, टेक आफ्टर. इंग्रजीचे हे रोजचे शब्द जुन्या जर्मेनिक घरातले. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, फ्रेंचबरोबर तिच्या आईचे लॅटिन शब्द आले, पुढं पंडितांनी थेट लॅटिनमधूनही आणले. पुढं ढकलणं हे घरात पुट ऑफ, कागदावर पोस्टपोन. आपल्याकडे नाही का, घरात पाणी आणि पाटीवर ‘जलसेवा’. परीक्षेत रिकाम्या जागा भरताना ही ‘पाणी’वाली क्रियापदं हमखास असतात. त्यांची वेगळी वही कर, वाक्यासकट. त्यांना रूट लावायला जाऊ नकोस.

परीक्षेच्या खोलीतली गोष्ट. बँकांच्या पुष्कळ पूर्वपरीक्षांत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटं, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा (हा ‘पाव’ कुठला, ते आता तुला माहीत आहे). चार अंदाज चुकले, की एक कमावलेला गुण गेला. म्हणून वाक्यावरून दोन पर्याय कटले आणि दोघा-तिघांत अडलीस, तर रूट काढ. तिथं ते पारडं झुकवतं. शब्द पूर्ण अनोळखी असेल आणि रूट हाच एकमेव आधार असेल, तर प्रश्न सोडून दे आणि पुढं जा.

उशिराचं विचारलंस. तुझ्या दांडिया बाजारातच अरविंद घोषांचं घर आहे, रोज त्यावरून जात असशील. केंब्रिजहून लॅटिन-ग्रीक घेऊन ते १८९३ साली बडोद्यात आले, पुढं बडोदा कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवलं. तेव्हा विशी नुकती ओलांडलेली, आणि धड येत नव्हती ती त्यांची स्वतःची मातृभाषा, बंगाली. ती, संस्कृत, मराठी, गुजराती, सगळं त्यांनी इथं बसून शिकून घेतलं. तू चोविसाव्या वर्षी तीन भाषांत हिशेब, भांडण आणि थट्टा करू शकतेस. मला विचारशील, तर तुझ्या उशिराचं कारण एकच: चार महिने चुकीच्या टोकाकडून गेले. तेही वाया नाहीत, ३१० खुंट्या ठोकून झाल्यात, आता कपडे आणायचेत.

अशाच अर्थाचं एक पत्र मागे एका आईचंही आलं होतं, पाचवीतल्या मुलाला रूट्सचा तक्ता भिंतीवर लावून देऊ का म्हणून. त्यांना इथंच सांगते: नको. त्याला गोष्टी वाचू द्या. डेंटिस्ट आणि दंत एकसारखे का दिसतात, हे त्यानं आपणहून विचारलं, तर मात्र सगळं काम टाकून सांगा.

तुझ्या वहीत उरलेल्या १९० रूट्ससाठी पानं आखलेली असतील, ती कोरीच आहेत. त्यातल्या पहिल्या पानावर टँकरचं वाक्य लिही. मराठी रकान्यात ‘ज्वालाग्राही’, गुजराती रकान्यात तुझ्या शाळेतला शब्द, आणि शेवटच्या रकान्यात: ‘इन म्हणजे आत. बाबा अंतर ठेवून चालवायचे.’